फादर, पाळक आणि आमचे दानिएलभाऊ

मी पेंटर. चित्रं काढणारा नव्हे, अक्षरं काढणारा. लाखनीला हायवेच्या कडेला माझं दुकान. दुकान अजून आहे, पण आता पुढे मुलगा बसतो आणि मी मागे खुर्ची टाकून त्याला नको असलेले सल्ले देत असतो. ट्रकच्या पाठीवरचं ‘हॉर्न प्लीज’, कृषी केंद्रांच्या पाट्या, निवडणुकीच्या भिंती, शाळांचे फलक आणि दगडावर कोरायची नावं, यांत माझा जन्म गेला. आता उड्डाणपूल झाला, ट्रक डोक्यावरून निघून जातात. पाट्या फ्लेक्सवर छापून येतात, दगड नागपुरात मशीन कोरते. रिकाम्या हाताचा माणूस लिहायला बरा, असं या अंकाच्या संपादकांना वाटलं असावं. त्यांनी सांगितलं, धंद्यातले अनुभव लिहा. अनुभव पुष्कळ आहेत. पण लिहायला बसलो की मला एकाच माणसाची आठवण येते आणि बाकीची गिऱ्हाइकं आपोआप मागच्या बाकावर जाऊन बसतात.

त्या माणसाचं नाव दानिएल. एकोडीच्या पलीकडे धानाच्या बांध्यांमध्ये एक लहानशी ख्रिस्ती वस्ती आहे, तिथले ते प्रचारक. मी त्याच बाजूच्या शेतकऱ्याच्या घरचा. आमच्या घराण्यात चर्चची पायरी कोणी चढलेलं नाही. तरीही आज मला कोणी झोपेतून उठवून विचारलं की चर्च आणि चॅपल यांत फरक काय, पाळक आणि फादर यांत फरक काय, तर मी कूस न बदलता सांगेन. ही सगळी विद्या दानिएलभाऊंची. ती मिळवण्याआधी मी भर मांडवात शेण खाल्लं होतं, तेही सांगून टाकतो.

भंडाऱ्याकडच्या एका चर्चच्या पाळकांची बदली झाली होती. निरोपाच्या कार्यक्रमाचा कापडी बॅनर दानिएलभाऊंनी माझ्याकडे टाकला. मजकूर तोंडी सांगितला: आदरणीय पाळक आणि त्यांच्या पत्नी यांना भावपूर्ण निरोप. मी तेव्हा नवा. हातात जोर होता, डोक्यात कमी. म्हटलं, ‘पाळक’ कोणाला कळणार? आपल्या जिल्ह्यात पांढरा झगा घातलेल्या माणसाला अख्खी दुनिया फादरच म्हणते. बॅनर शोभून दिसावा म्हणून लाल अक्षरांना पिवळी सावली देऊन मी लिहिलं, ‘आदरणीय फादर व सौ. फादर यांना भावपूर्ण निरोप’. दानिएलभाऊ घाईत होते. त्यांनी गुंडाळी तशीच सायकलला बांधली आणि ती थेट मांडवात उलगडली.

दुसऱ्या दिवशी ते दुकानात आले तेव्हा मला वाटलं, आता आपली बिनपाण्यानं होते. पण ते शांतपणे स्टुलावर बसले.

‘पेंटर, काल लोकं रडाले आले होते. तुहा बॅनर पाहून हासत हासत घरी गेले. पाळकसाहेबाच्या घरवालीनं तं त्याच्याखाली उभं राहून फोटो काढून घेतला.’

‘काई चुकलं का जी?’

‘अरे, फादर असते तो रोमन कॅथलिकचा. त्याचं लगनच नसते, तं सौ. कुठून आनली तू?’

मग म्हणाले, चहा सांग, तुला एकदा सगळं नीट समजावून देतो. ते ‘एकदा’ पुढे कित्येक वर्षं चाललं. चर्चवाल्यांची अर्धीअधिक कामं इंग्रजीत येत, कारण जुन्या पाट्या इंग्रजीत आणि देणगीदारांनाही इंग्रजीच लागे. दानिएलभाऊ एकेक शब्द घेत आणि त्याला आमच्या लाखनीच्या कचेरीत आणून उभा करत.

‘चर्च म्हनजे इमारत नाही, मानसं. मानसं जमली का झाडाखाली बी चर्च. म्हनून आमी मंडळी म्हनतो. अन् चॅपल म्हनजे दवाखान्यातलं, शाळेतलं देवघर. त्याले सोताची मंडळी नसते.’

‘अन् कॅथेड्रल? लय मोठं चर्च?’

‘मोठ्याचा काई संबंध नाही. बिशपची खुर्ची जेथं असते ते कॅथेड्रल. लाखनीत तहसील आली तं तालुका झाला का नाही? गाव तं तेवढंच होतं.’

असं त्यांचं शिकवणं. पॅरिश म्हणजे तलाठ्याचा साझा, ठरलेल्या हद्दीतली ठरलेली घरं. व्हिकर म्हणजे दुसऱ्याच्या वतीनं कारभार पाहणारा, आपल्या प्रभारी तहसीलदारासारखा. डीकन म्हणजे ज्याची अजून उमेदवारी चालू आहे तो. रेव्हरंड हे पदच नव्हे, नावाआधी लावायचा मान आहे, पत्रिकेत ह.भ.प. लिहितात तसा. पाळक हे काम, रेव्हरंड हा मान, आणि प्रीस्ट म्हटलं की कोणत्या पंथाचा ते आधी विचारायचं. मी हे सगळं पाठ केलं. एकदा एका दवाखान्याच्या सिस्टर प्रार्थनेच्या खोलीसाठी पाटी सांगायला आल्या, तेव्हा मीच विचारलं, ‘सिस्टर, चॅपल ना? चर्च नाही लिहायचं ना?’ त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं आणि विचारलं, ‘तुम्ही कोणत्या पॅरिशचे?’ मी म्हटलं, ‘हनुमान वार्डाचा.’

आमच्या धंद्यात शब्द कसे फुगतात हेही पाहिलं. शहापूरच्या पुढे एकानं टिनाच्या शेडमध्ये प्रार्थनाघर काढलं होतं. पहिल्या वर्षी पाटीवर ‘ब्रदर’ लिहून घेतलं. पुढच्या वर्षी ‘पास्टर’, मग ‘रेव्हरंड’. शेड तेवढीच, खुर्च्या तेवढ्याच. ‘बिशप’ लिहायला आला तेव्हा मी म्हटलं, ‘दादा, वर थोडी जागा ठेवू का? पुढल्या साली कामात येईन.’ तो मनमोकळा हसला आणि ठेवायला सांगून गेला. दानिएलभाऊंना हा किस्सा सांगितला तेव्हा ते मात्र हसले नाहीत. त्यांना त्या माणसाचा राग आला असंही नाही. ते आपल्या चहाकडे पाहत बसले, आणि मी विषय बदलला.

कारण त्यांची स्वतःची गोष्ट नेमकी उलटी होती.

एकदा मी विचारलं होतं, या सगळ्या उतरंडीत प्रचारक कुठे बसतो? ‘खाली,’ ते म्हणाले, ‘घडवंचीच्या बी खाली.’ प्रचारकाला दीक्षा नसते, म्हणजे बिशपनं डोक्यावर हात ठेवून त्याला पाळक केलेलं नसतं. तो रविवारी उपासना चालवतो, उपदेश करतो, आजाऱ्यांकडे जातो, मुलांना गाणी शिकवतो. पण बाप्तिस्मा, लग्न आणि प्रभुभोजन ही कामं दीक्षा झालेल्या पाळकाचीच. प्रभुभोजन म्हणजे भाकर मोडून तिचे तुकडे आणि द्राक्षरसाचा घोट एकेकाला देणं. बाहेरच्याला तो एवढासा तुकडा वाटतो, त्यांच्या लेखी त्याहून मोठं काही नाही. त्या वस्तीला स्वतःचा पाळक कधी मिळालाच नाही. महिन्यातून एकदा नागपूरहून कोणीतरी येई. त्या दिवशी दानिएलभाऊ पहाटेपासून झाडलोट करत, मेजावर पांढरी चादर अंथरत, पेला घासूनपुसून ठेवत. सगळी तयारी झाली की बाजूला होऊन उभे राहत.

त्यांना पाळक व्हायचं होतं. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं, पण मला रोज कळत होतं. तरुणपणी अर्ज केला तेव्हा शिक्षण कमी पडलं, मॅट्रिकवर गाडी अडली. पुढे नियम सैल झाला तेव्हा वय जास्त निघालं. वरची माणसं प्रेमाची होती, सगळे म्हणायचे, दानिएल, तुझं काम पाळकाचंच आहे. ‘काम पाळकाचं हाये म्हनतेत,’ ते एकदा म्हणाले, ‘मंग डोक्शावर हात काहून नाही ठेवत?’ एवढंच. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

नाताळ जवळ आला की ते त्यांच्या उपासनाघराची पाटी रंगवायला आणत. ऊन-पावसानं अक्षरं उडालेली असत. वर मंडळीचं नाव, खाली ‘पाळक’ आणि पुढे दोन टिंबं, त्यापुढे काही नाही. त्याखाली ‘प्रचारक: दानिएल’. मी दर वर्षी कुरकुरायचो.

‘रिकामी ओळ कायले लिहाची जी? खोडून टाकू का?’

‘खोडू नोको. जागा हाये हे दिसलं पाह्यजे.’

‘मंग तुमचंच नाव टाकतो. कोन पाहाले येते?’

‘जागा बरी सोडजो,’ ते माझं ऐकलंच नाही असं करून म्हणत. ‘येनाऱ्याचं नाव लंबं असलं तं?’

मी जागा सोडायचो. पेंटरचा डोळा आहे, मोजायची गरज नसते. त्या जागेत ‘दानिएल’ बरोबर बसत होतं.

गावोगावचे लोक त्यांना फादर म्हणत, पाद्रीसाहेब म्हणत. ते प्रत्येकाला थांबवून सांगत, ‘फादर नोको म्हनू बाबू, मी प्रचारक हावो.’ बाजारात, एसटीत, सोसायटीच्या रांगेत. कंडक्टरलासुद्धा. मला ते कधीकधी फाजील वाटायचं. कोणी मान देतोय तर घ्यावा ना माणसानं.

पण त्यांच्या बायकोच्या बाबतीत त्यांचा हा कडकपणा कुठे जायचा कोण जाणे. मार्थाबाईंना वस्तीतल्या बायका पाळकीणबाई म्हणत. पाळकाच्या बायकोला त्यांच्यात असंच म्हणतात. इथे पाळकच नव्हता तरी म्हणत. मग आजूबाजूच्या गावांनीही ते उचललं. कोणाच्या घरी मयत झाली की त्या घरात चूल पेटत नाही. तिथे पहिली चहाची किटली पाळकीणबाईंची यायची, मग ते घर कोणत्याही जातीधर्माचं असो. रोवण्याच्या दिवसांत त्या बायकांबरोबर चिखलात उतरत आणि त्यांची गाणी म्हणत. बायकाही त्यांच्याकडून प्रभूची दोनचार गाणी शिकल्या होत्या आणि रोवताना बिनदिक्कत म्हणत. माझी आई गेली तेव्हा आमच्या पडवीत मार्थाबाईंनी तीन दिवस चहा पुरवला होता. मी त्यांना वहिनी म्हणायचो.

मी दानिएलभाऊंना एकदा छेडलंच. ‘तुमाले फादर म्हनलं तं टोकता. वहिनीले पाळकीन म्हनते सारं गाव, ते ऐकू नाही येत का?’

ते सायकलची घंटी पुसत होते. ‘तिले कोन सांगन?’ म्हणाले आणि निघून गेले.

वस्ती हळूहळू रिकामी झाली. तरुण पोरं नागपूर, पुणे, हैदराबादकडे गेली. दानिएलभाऊंचे दोन्ही मुलगेही गेले. उपासनेला उरले म्हातारे, आणि शेवटच्या बाकावर बसणाऱ्या दोनतीन बाया. दानिएलभाऊ निवृत्त झाले, तरी काम तेच करत राहिले, कारण जागेवर दुसरा कोणी आला नाही.

मग मार्थाबाईंची किडनी गेली. नागपूरच्या दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा सगळ्यांना कळलं होतं की कशासाठी आणलंय. मी भेटायला गेलो त्या दुपारी अंगणात सातआठ माणसं होती. आत खाटेजवळ स्टुलावर पांढऱ्या रुमालाखाली भाकर आणि लहान पेल्यात द्राक्षरस तयार ठेवला होता. वहिनींना प्रभुभोजन घ्यायचं होतं. नागपूरचे पाळकसाहेब निघाले होते, पण अलीकडे कुठेतरी ट्रक उलटून हायवे बंद पडला होता. फोनवर ते सांगत होते, पोचतोच, पोचतोच.

मी दारात उभा होतो, म्हणून मला ऐकू आलं. वहिनींचा आवाज अगदी बारीक झाला होता.

‘तुमीच द्या ना.’

दानिएलभाऊ त्यांचा हात धरून बसले होते.

‘मले तुमच्याच हातानं पाह्यजे होतं,’ त्या म्हणाल्या. ‘आधीपासून.’

एक म्हातारी म्हणाली, दे रे बाबा, देव काय पाहत नाही का. दानिएलभाऊंनी नकाराची मान हलवली. त्यांनी वहिनींना पाणी पाजलं, ओठ पुसले, मग स्तोत्र म्हणायला लागले. रुमालाला हात लावला नाही. पाळकसाहेबांची गाडी बांधाच्या रस्त्याला लागलेली आम्हाला दिसली तेव्हा वहिनी गेलेल्या होत्या.

मला त्या दिवशी त्यांचा एवढा राग आला की काय सांगू. आमच्याकडे भटजी आला नाही तर मोबाइलवर कथा लावून लोक सत्यनारायण उरकतात, आणि देवानं अजून कोणावर वीज पाडलेली नाही. माती देऊन परतताना मी त्यांना गाठलं आणि म्हटलं, ‘देऊन टाकाचं होतं ना जी. मरताना मागतलं तिनं. कोन इचारनार होतं तुमाले?’

‘जिंदगीभर लोकाइले सांगत आलो का हे मह्या हातचं नाही,’ ते म्हणाले. ‘मह्यासमोर किती जन तसेच गेले, पाळकाची वाट पाहून. त्याइच्या घरी मी हेच सांगतलं. आता घरच्यासाठी हात बदलू का?’

माझा राग गेला नाही. मी पुढे बरेच दिवस त्यांच्याकडे गेलो नाही. नाताळ आला, पाटी आली नाही. दुकानासमोरून सायकल गेली की मी मान वर करून पाहायचो आणि तो दुसराच कोणी असायचा. खरं सांगायचं तर मला त्यांची फार आठवण येत होती, आणि आठवण येते म्हणून आणखी राग येत होता.

नंतर एक दिवस ते आले. वाळले होते. स्टुलावर बसले, चहा नको म्हणाले. कबरीचा दगड करायचा होता. मुलानं पुण्याहून मजकूर पाठवला होता, इंग्रजीत, त्यात वडिलांच्या नावाआधी ‘रेव्हरंड’ घातलं होतं. पोराचं काय चुकलं? त्यालाही तेच हवं होतं जे मला त्या रिकाम्या ओळीत लिहायचं होतं. दानिएलभाऊंनी मोबाइल माझ्यापुढे धरला, मग परत खिशात टाकला.

‘हे नाही. मी सांगतो ते मराठीत लिह्य.’

दगडाचं काम असं असतं: आधी ब्रशनं अक्षरं टाकायची, मग गिऱ्हाइकानं मोठ्यानं वाचून दाखवायची, तेव्हाच छिन्नी लावायची. भिंतीवर चुकलं तर चुना मारता येतो, दगडाला तो उपाय नाही. मी संगमरवर ओल्या फडक्यानं पुसला, गेरू कालवला, ब्रश घेऊन बसलो.

‘लिह्य. पाळकीनबाई मार्था.’

मी ब्रश थांबवला.

‘अन् खाली, प्रचारक दानिएल याइची पत्नी.’

‘भाऊ, पाह्यजा बरं. वर पाळकीन अन् खाली प्रचारक, असं कसं जमन? तुमीच तं शिकवलं मले.’

‘मले कोनी नाही केलं,’ ते म्हणाले. ‘तिले तं गावानं केलं होतं. ते खोटं हाये का?’

मी खाली पाहून अक्षरं टाकली. त्यांना वाचायला सांगितलं. पहिल्या शब्दावर ते अडले आणि पुन्हा पहिल्यापासून वाचलं. मी कोरायला बसलो. वहिनींची ओळ मी मोठ्या अक्षरांत घेतली आणि त्यांची बारीक. न सांगताच तसं झालं. ते शेवटची कानामात्रा होईपर्यंत उठले नाहीत.

दगड बसवायला मी स्वतः गेलो. महिन्याचा प्रभुभोजनाचा रविवार होता. नागपूरचे तेच पाळकसाहेब आले होते, त्या दिवशी ट्रकच्या मागे अडकलेले. उपासना झाल्यावर सगळे कबरस्थानात आले. पाळकसाहेब प्रार्थनेसाठी दगडासमोर उभे राहिले, त्यांनी तो वाचला, आणि त्यांची नजर खालच्या ओळीवर जाऊन परत वर आली. या शब्दांतला फरक त्यांच्याहून जास्त कोणाला माहीत असणार? मी फावडं घट्ट धरलं. त्यांनी दानिएलभाऊंकडे पाहिलं. दानिएलभाऊंची मान खाली होती, एखाद्या पोराला वर्गात उभं करावं तसे ते उभे होते.

पाळकसाहेबांनी डोळे मिटले. ‘प्रभू,’ ते म्हणाले, ‘आमच्या या मंडळीच्या पाळकीणबाई मार्था यांच्यासाठी आम्ही तुझे आभार मानतो.’

ते आणखी बरंच बोलले, ते मला आठवत नाही. शेवटी सगळ्यांनी आमेन म्हटलं. दरवेळी सगळ्यांत आधी आणि मोठ्यानं येणारं दानिएलभाऊंचं आमेन आलं नाही. लोक चपला घालू लागले, बाया फाटकापर्यंत पोचल्या, तेव्हा मला ते मागून ऐकू आलं.